अनुदान : उपकार की करार?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान आपल्या गावाकडच्या आठवणी तरी सांगाव्यात, असा एक संकेत आहे. आपल्या कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'शाळांचे अनुदान' असे उत्तर दिले आणि त्या सद्‌गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांना मी दोष देत नाही. अनुदान हा शब्दच मुळी इतका रुक्ष आहे, की तो उच्चारताच डोळ्यांपुढे तांबड्या फितीने बांधलेली एक फाईल आणि तिच्यावरची धूळ उभी राहते.

तरीही मी हा विषय सोडला नाही, आणि त्याला कारण आपल्याच मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत घडले. सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून मंडळाने स्वतःची शाळा काढावी असे त्या सभेत ठरले. सवलतीच्या दराने जागा मिळावी म्हणून राज्य सरकारकडे अर्जही गेला. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला, की शाळा आपली, तर सरकारचा पैसा घ्यायचाच कशाला? घेतला तर ती आपली राहील का? त्यावर मागच्या रांगेतून एक तरुण सभासद उठले आणि म्हणाले, की प्रश्न उलटा आहे. सर्वांनी भरलेल्या कराच्या पैशातून आपल्या मूठभर लोकांची शाळा का चालावी? दोन्ही प्रश्न खरे होते. परंतु तेवढ्यात चहा आला, आणि पुढे सभा राष्ट्रगीताने संपली. त्या अर्धवट राहिलेल्या चर्चेत, आपली परवानगी गृहीत धरून, मी आज भाग घेत आहे.

सरकारी तिजोरीतील पैसा खाजगी शाळेला द्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे आजचा नाही. १९ जुलै १८५४ रोजी बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड यांचा खलिता कंपनी सरकारकडे निघाला. हिंदुस्थानभर सरकारी शाळा काढणे तिजोरीला परवडणारे नाही, तेव्हा मिशनरी, स्थानिक मंडळ्या, धनिक यांपैकी ज्यांना शाळा काढायच्या असतील त्यांनी त्या काढाव्यात आणि सरकारने मदत करावी, असा त्याचा रोख होता. कंपनी सरकार दानशूर नव्हते, हे आपण सारे जाणतो. त्यामुळे मदतीबरोबर अटी आल्या. शाळेत लौकिक शिक्षण चांगले दिले जावे, तिचा कारभार पाहणारी जबाबदार स्थानिक मंडळी असावी, सरकारी तपासणीला दार उघडे असावे, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी. धर्मशिक्षणात सरकार डोकावणार नव्हते. आपल्या देशातील अनुदानपद्धतीचा हा पाया. तो पाहिला म्हणजे ध्यानात येते, की अनुदान जन्मापासूनच एक करार होते. 'आम्ही देतो, तुम्ही दाखवा', एवढेच त्या कराराचे सार होते.

या कराराची खरी परीक्षा अठ्ठावीस वर्षांनी झाली. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले लेखी निवेदन सादर केले. हे निवेदन आपण मराठी माणसे नावाने ओळखतो, वाचलेले फार थोड्यांनी असते. त्यातला युक्तिवाद मोठा सरळ आहे. सरकारचा महसूल येतो तो बहुतांशी शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. जो भरतो त्याच्या वाट्याला काय येते, हा जोतीरावांचा प्रश्न होता. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक चांगले तयार केलेले असावेत, त्यांना पोटापुरते वेतन मिळावे, आणि सरकारने शाळांतून अंग काढून घेऊ नये, असे त्यांनी बजावले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जोतीराव खाजगी प्रयत्नांच्या विरुद्ध होते असे मुळीच नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा त्यांनी व सावित्रीबाईंनी काढली, ती खाजगीच होती. त्यांच्या शाळांना पुढे दक्षिणा निधीतून साहाय्यही मिळाले. हा निधी म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा इंग्रजी अमदानीतला अवतार. त्यातला पैसा शूद्रातिशूद्रांच्या आणि मुलींच्या शाळांकडे वळला, हा इतिहासाचा न्याय म्हणावा की विनोद, ते ज्याचे त्याने ठरवावे. मुद्दा असा, की सार्वजनिक पैसा घेऊन खाजगी माणसाने काय करावे याचा नमुना जोतीरावांनी स्वतः घालून दिला होता. जिथे सरकार पोहोचत नव्हते आणि समाज जाऊ देत नव्हता, तिथे त्यांनी तो पैसा नेला.

हंटर आयोगाने मात्र वेगळी वाट धरली. प्राथमिक शाळा नगरपालिका व लोकल बोर्डांकडे सोपवाव्यात, आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू बाजूला होऊन ते क्षेत्र अनुदानाच्या बळावर खाजगी संस्थांकडे जाऊ द्यावे, अशी त्याची शिफारस होती. त्या वाटेने महाराष्ट्रात पुष्कळ चांगले घडले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीच निघाले होते, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तालुक्यातालुक्याला 'अमुक एज्युकेशन सोसायटी' अशा पाट्या लागल्या. त्या शाळांतूनच आपले वाडवडील शिकले. पण त्या शाळा बहुतेक गावच्या पेठेत होत्या, वेशीबाहेर नव्हत्या. आणि जोतीरावांचा प्रश्न तसाच उभा राहिला.

तो प्रश्न ज्यांनी हातात घेतला त्यांच्या अंगणात मी वाढलो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलू द्या. मी सातारा जिल्ह्यातला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, आणि स्वतःच्या हाताने काम करून शिकत. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. हे मी पुस्तकात वाचण्याआधी आईच्या तोंडून ऐकले होते. आमच्या घरी कुणी शाळेत जाण्यास कुरकुर केली, की हे मंगळसूत्र हमखास निघे.

भाऊरावांनी सरकारी अनुदान घेतले. ते त्यांनी मागून घेतले, भांडून घेतले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण तो पैसा रयतेचाच होता. पण १९४८ साली मुंबई सरकारची त्यांच्यावर इतराजी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले. सरकार परके नव्हते, आपलेच होते. स्वातंत्र्य मिळून वर्षही नीट झाले नव्हते. त्या वेळी लोकांनी संस्थेला हात दिला, गाडगेमहाराजांसारख्या पुरुषाने शब्द टाकला, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. आपल्या ज्येष्ठ सभासदांनी सभेत जी भीती बोलून दाखविली, ती निराधार नाही हे यावरून दिसते. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती तोंड बंद करण्याचे साधनही असते. म्हणूनच करार लेखी असावा लागतो आणि दोन्ही बाजूंना बांधणारा असावा लागतो. अनुदान हा उपकार मानला, तर तो रागाच्या भरात काढून घेता येतो.

हा करार लेखी करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न केरळात झाला, आणि तो आपण इतर भारतीयांनी फारसा अभ्यासलेला नाही. केरळात शाळा मोठ्या प्रमाणात खाजगी, त्यांतल्या पुष्कळ ख्रिस्ती मंडळांच्या व नायर समाजाच्या, आणि शिक्षकांचा पगार बहुतांशी सरकारच्या पैशातून. १९५७ साली नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळातील शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी विधेयक आणले. पगार कोषागारातून थेट शिक्षकाला मिळावा, शिक्षकांची निवड लोकसेवा आयोगाच्या यादीतून व्हावी, आणि कारभार बिघडला तर शाळा सरकारने ताब्यात घ्यावी, अशी त्यात तरतूद होती. त्यावरून जे रण माजले ते प्रसिद्ध आहे. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. २२ मे १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने मत दिले, की धार्मिक वा भाषिक अल्पसंख्यांना शाळा चालवण्याचा जो हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे, तो अनुदानाच्या बदल्यात सोडून द्या असे सरकारला म्हणता येणार नाही. मात्र चालवण्याचा हक्क म्हणजे वाईट चालवण्याचा हक्क नव्हे, आणि वाजवी नियम घालण्यास सरकार मोकळे आहे. पुढे 'विमोचन' आंदोलन झाले आणि ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले. एका शिक्षणविधेयकाने पेटलेल्या आंदोलनात सरकार गेले! यावरून शाळा ही वस्तू किती ज्वालाग्राही आहे, याची आमच्या कार्यकारिणीने नोंद घ्यावी.

केरळात आजही अनुदानित शाळेतला शिक्षक संस्थाचालक नेमतो आणि पगार सरकार देते. अर्धा करार झाला, अर्धा राहिला. पण शिक्षकाचा पगार थेट शिक्षकाच्या हाती, हा जो अर्धा भाग झाला, त्याचे मोल मला विचारा.

१९८४ साली मी मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. त्या काळी महाराष्ट्रात 'सरकारकडे काही मागणार नाही' एवढ्या हमीवर शाळांना भराभर मान्यता मिळू लागली होती. आमच्या शाळेला पत्र्याचे छप्पर होते, एकशे साठ मुले होती, आणि दर महिन्याच्या अखेरीस एक विधी होता. पगारपत्रकावर पूर्ण वेतनाच्या आकड्यासमोर तिकिटावर सही करायची आणि हातात त्याच्या निम्मी रक्कम घ्यायची. उरलेली निम्मी म्हणजे आम्ही संस्थेला स्वखुशीने दिलेली देणगी! खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ सालीच झाला होता. पण कायद्याच्या दारापर्यंत जायला जे बसभाडे लागते तेही त्या निम्म्यातूनच काढावे लागे. मी तीन वर्षे काढली. आमच्यातले एक सहकारी, हिंदी शिकवणारे, संध्याकाळी गावच्या गिरणीवर दळण तोलत. सकाळी ज्या मुलाला त्यांनी कबीर शिकवला, तोच संध्याकाळी ज्वारीची पिशवी घेऊन त्यांच्यापुढे उभा राही. दोघेही एकमेकांकडे पाहण्याचे टाळत.

मी तिथून निघालो आणि नोकरीच्या शोधात आपल्या या शहरात आलो. ते सहकारी राहिले. पुढे सरकारने अशा शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. आधी वीस टक्के, मग चाळीस, मग साठ. त्यांचा पहिला वीस टक्क्यांचा पगार बँकेत जमा झाला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती, असे त्यांनी मला पत्रातून कळविले. तेव्हा, 'शाळा आपली, सरकारचा पैसा कशाला' असे कुणी अभिमानाने म्हणू लागले, की मला ती गिरणी आठवते. सरकारचा पैसा नाकारणारी शाळा स्वाभिमानी असते असे नाही. पुष्कळदा तिचा स्वाभिमान शिक्षकाच्या खिशातून चाललेला असतो.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझ्या गणिताचा एक रकाना कोरा राहील. पूर्ण अनुदान मिळणाऱ्या शाळांतही सारे आलबेल नव्हते. पगार सरकारचा आणि नेमणूक चालकांची, या जोडीतून काय निपजते ते महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. जागेचा भाव ठरू लागला. ज्या नोकरीचा पगार जनता देते, ती नोकरी खाजगी माणूस विकू लागला. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने 'पवित्र' नावाची संगणकीय भरतीव्यवस्था आणली, ती या बाजाराला आळा घालण्यासाठीच. म्हणजे बंधुभगिनींनो, एका टोकाला शिक्षकाचा निम्मा पगार ठेवून घेणारी शाळा, दुसऱ्या टोकाला शिक्षकाची जागा विकणारी शाळा. दोन्ही ठिकाणी हिशेबाची वही मात्र बंदच.

आता 'आम्ही सरकारचा छदामही घेत नाही' असे म्हणणाऱ्या शहरी शाळांकडे वळू. हे विधान तपासून घेण्यासारखे आहे. बहुतेक शाळा धर्मादाय न्यासाच्या किंवा सोसायटीच्या नावाने चालतात आणि त्यांना प्राप्तिकरात सूट असते. अनेकांची जमीन बाजारभावाने घेतलेली नसते. दिल्लीत विकास प्राधिकरणाने शाळांना सवलतीने भूखंड दिले, तेव्हा काही करारपत्रांत अशी अट होती, की शिक्षण संचालकांच्या पूर्वपरवानगीशिवाय फी वाढवू नये. जमीन घेताना अट गोड लागली, फी वाढवताना कडू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने या अटी पाळल्या जातात की नाही हे शिक्षण संचालकांनी पाहावे असा आदेश दिला. जमीन ही रोकड नसते म्हणून ती अनुदान नाही, असे म्हणणे म्हणजे लग्नात रोख हुंडा न घेता फ्लॅट घेतला म्हणून आम्ही सुधारक, असे म्हणण्यासारखे आहे. आपल्या मंडळाने केलेला अर्ज या दृष्टीने पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

सार्वजनिक पैसा आणि खाजगी शाळा यांची सर्वांत नवी गाठ पडली ती बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने. कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात निदान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना मोफत द्याव्यात, आणि सरकारने त्याची प्रतिपूर्ती करावी, असे ठरले. प्रतिपूर्ती किती? सरकार आपल्या शाळेत एका मुलावर जेवढे खर्च करते तेवढी, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रात अनेक वर्षे ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये होती. ती वेळेवर येत नाही ही शाळाचालकांची तक्रार खरी आहे. करार मोडण्याची सवय फक्त खाजगी बाजूलाच असते असे कुणी समजू नये.

या कलमावर विद्वानांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा पैसा नगरपालिकेच्या शाळेवरच खर्च करा; तो बाहेर नेलात तर त्या शाळेतील त्यातल्या त्यात जागरूक पालकही बाहेर जातील आणि तिच्यासाठी भांडणारा कुणी उरणार नाही. दुसरा म्हणतो, ती शाळा सुधारेपर्यंत गरिबाच्या मुलाने वाट पाहायची का? त्याचे सहावे वर्ष एकदाच येते. मला दोन्ही म्हणणी पटतात, आणि ती एकाच वेळी पटतात ही माझी अडचण आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने परिसरातील सर्व मुलांची एकच समान शाळा असावी अशी शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. तसे झाले असते तर हा वादच उरला नसता. ते झाले नाही. तेव्हा एका वर्गात निदान चौथा हिस्सा तरी दुसऱ्या वस्तीतली मुले असावीत, ही मला त्याची लहानशी भरपाई वाटते. आणि म्हणून, तक्रारी मान्य करूनही, मी या कलमाच्या बाजूचा आहे.

पण पैसा दिला म्हणजे दार उघडले असे होत नाही. माझी नात येथल्याच एका इंग्रजी शाळेत चौथीत आहे. तिच्या वर्गात या कलमाखाली आलेली एक मुलगी आहे. तिचे वडील एका इमारतीवर रखवालदार आहेत. दोघींची मैत्री आहे, डब्यातली देवाणघेवाण आहे. गेल्या हिवाळ्यात वर्गाची सहल होती. मी नातीला विचारले, "तुझी मैत्रीण येणार ना गं?" ती म्हणाली, "नाही आजोबा, तिचे पैसे सरकार देतं, आणि सरकार सहलीचे देत नाही." नऊ वर्षांच्या मुलीने हे अगदी सहजपणे, जणू पाढा म्हणावा तसे सांगितले. कायद्याची भाषा मी बरीच वाचली आहे, पण मला निरुत्तर करणारे वाक्य हे एकच. ते वाक्य तिला शाळेत कुणी शिकवले नसणार. ते तिचे तिला कळले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून असे ठरवले, की खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांचे बंधन नाही. कर्नाटकाने काही वर्षांपूर्वी हीच वाट धरली होती. शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा कुठे नसते? म्हणजे दार बंदच. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

परदेशांचे दाखले देऊन मी आपला वेळ घेणार नाही, दोनच सांगतो. हॉलंडने १९१७ साली घटनेतच तरतूद करून धार्मिक व खाजगी शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा देण्याचे मान्य केले. पण शिक्षणाच्या दर्जाच्या अटी दोघांना सारख्या, आणि सक्तीची फी नाही. चिलीने १९८१ मध्ये, लष्करी राजवटीत, पैसा मुलामागे खाजगी शाळेत जाऊ दिला आणि अटी सैल ठेवल्या. शाळांनी वरून फी लावली, हवी ती मुले निवडली, नफाही काढला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि अखेर २०१५ साली कायदा करून नफा, निवड आणि वरची फी यांना क्रमाक्रमाने बंदी घालावी लागली. पैसा दोन्हीकडे खाजगी शाळांनाच दिला गेला. फरक काय तो करारात होता.

आता आपल्या घरी येऊ. आपण या राज्यात भाषिक अल्पसंख्य आहोत. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले, की अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरवायचे. म्हणजे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी माणूस येथे तिसाव्या कलमाचा धनी आहे. आपल्या मुलांना मराठी यावे म्हणून शाळा काढण्याचा आपला हक्क पक्का आहे, आणि अनुदान देताना सरकारला आपल्याशी दुजाभाव करता येणार नाही. ही मोठी गोष्ट आहे. गेली पन्नास वर्षे रविवारच्या वर्गात, मागून आणलेल्या बाकांवर, आपण बाराखडी शिकवीत आलो. त्या वर्गांचे शिक्षक व शिक्षिका येथे समोर बसल्या आहेत. त्यांच्या श्रमांना एक इमारत मिळावी, ही माझीही इच्छा आहे.

पण त्याच तिसाव्या कलमामुळे आणखी एक गोष्ट घडते. ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने असा निर्णय दिला, की अल्पसंख्यांच्या शाळांना शिक्षणहक्काचा कायदा लागूच होत नाही. पंचवीस टक्क्यांचे बंधनही नाही. आणि मंडळाच्या शाळेच्या घटनेचा जो मसुदा फिरतो आहे त्यावरील टिपणीत, अल्पसंख्य दर्जासाठी अर्ज करण्याच्या कारणांत, 'शिक्षणहक्क कायद्याखालील प्रवेशांपासून सूट' हे कारण पहिले लिहिले आहे. भाषेचे कारण तिसरे आहे. हे वाचून मला वाईट वाटले, हे मी लपवीत नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. प्रतिपूर्ती रखडते, हिशेब जुळत नाहीत, हे त्यांना दिसत असेल. पण सवलतीची जमीन या राज्याच्या जनतेची आहे. तिच्यातला बहुसंख्य माणूस मराठी बोलत नाही, आणि त्या भूखंडाच्या मागच्याच बाजूला त्याची वस्ती आहे. तिच्याकडून जमीन घ्यायची आणि तिच्याच मुलांसाठी फाटक लावायचे, याला कायद्याची मुभा आहे. जोतीरावांच्या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दर्जासाठी अर्ज जरूर करा, आणि भाषेचे कारण पहिले लिहा. मग मसुद्याच्या सातव्या कलमात, जिथे प्रवेशाचे नियम आहेत, तिथे आपण होऊन लिहा, की चौथा हिस्सा जागा परिसरातील गरजू मुलांना, त्यांची मातृभाषा न विचारता, मोफत राहतील; आणि मोफत म्हणजे गणवेश, पुस्तके व सहलीसकट मोफत. ती मुले मराठी शिकतील. आपली मुले त्यांच्याकडून या राज्याची भाषा शिकतील, जी पन्नास वर्षे येथे राहूनही आपल्यापैकी काहींना भाजीबाजारापुरतीच येते. शिक्षकांचा पगार थेट बँकेत जमा व्हावा, आणि वर्षाचा जमाखर्च शाळेच्या दारावरच्या फलकावर लावावा, हेही त्याच घटनेत असू द्या.

याला पैसा लागेल, आणि तो किती हे न सांगता मी खाली बसलो तर गणिताच्या शिक्षकाला ते शोभणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुले मोफत घेतली, तर त्यांचा खर्च उरलेल्या तीस घरांवर पडेल. म्हणजे प्रत्येकाच्या फीत एकतृतीयांशाची भर. हे ओझे लहान नाही. सूट घेतल्यावर सरकारची प्रतिपूर्ती मागता येईल असे मी धरून चालत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवाचा, विशेषतः वाद्यवृंदाचा, खर्च मी ताळेबंदात पाहिला आहे. त्यातून निम्मा भार उचलला जाईल असा माझा अंदाज आहे. वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी रागावू नये. उरलेल्या निम्म्यासाठी देणगीदारांकडे जावे लागेल, आणि पहिल्या पाच वर्षांचे आकडे मी मांडून ठेवले आहेत. त्यांत चूक असेल तर ती दाखवावी. मसुदा सर्वसाधारण सभेपुढे जाण्यास अजून दोन महिने आहेत, आणि मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या वाचनालयात असतो.